‘लाईट कधी येणार?’ आणि वादळानंतर आळीत विचारले जाणारे बाकीचे प्रश्न

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड आणि खाडीपलीकडे मंडणगड, दापोली या पट्ट्यात काही तासांत जे आडवं झालं, ते उभं करायला घरांना महिने लागले आणि वाड्यांना वर्षं लागतायत. त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये फयान येऊन गेलं होतं. नंतर मे २०२१ मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातेत शिरलं. म्हणजे हे पुन्हा होणार आहे. दर मे महिन्यात आकाश काळवंडलं की मुंबईचे चाकरमानी, नवीन होमस्टेवाले आणि लग्न होऊन आळीत आलेल्या सुना तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. अनुभव श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या आळीचा आहे. जिथे सरकारी नियम आहे तिथे नियम दिलाय.

वारा एकदम थांबला. बाहेर पडू का?

नाही. वादळाचा डोळा डोक्यावरून जात असेल तर मध्येच सगळं शांत होतं, कधी ऊनही पडतं. मग वारा उलट्या बाजूने सुरू होतो. आधीच्या वाऱ्याने एका अंगाला वाकलेली झाडं आणि सैल झालेले पत्रे या दुसऱ्या फेरीत जातात. रेडिओवर किंवा गावात पुढचा निरोप येईपर्यंत घरातच थांबा.

अंगणात विजेची तार पडली आहे. लाईट तर गेलेली आहे, मग बाजूला करायला काय हरकत?

हरकत जिवाची आहे. लाईट गेली म्हणजे तार मेली असं नाही. वायरमन कुठूनतरी लाइन चालू करून बघतो, कुणाचातरी इन्व्हर्टर किंवा जनरेटर उलटा वीज सोडतो, आणि तीच तार जिवंत होते. दहा मीटर लांब राहा. ओल्या जमिनीत आणि साचलेल्या पाण्यात करंट पसरतो, तेव्हा तार लांब आहे म्हणून पाण्यात पाय टाकू नका. काठी, बांबू, सुकी फांदी असले प्रयोगही नकोत. पावसात सुकी काठी मिळत नाही. रस्त्यावर दोन्ही बाजूंना फांद्या टाकून वाट अडवा, गुरं बांधून ठेवा आणि महावितरणच्या १९१२ वर खांबाचा नंबर सांगून तक्रार करा. खांबाचा नंबर आधीच भिंतीवर लिहून ठेवलेला असला तर बरं, कारण पडलेल्या खांबाचा नंबर चिखलात असतो.

लाईट कधी येणार?

हा प्रश्न वायरमनला दिवसातून पन्नास वेळा विचारला जातो. त्याच्याकडेही उत्तर नसतं, तरी कामाचा क्रम कळला की जीव थोडा शांत होतो. आधी मोठी लाइन आणि उपकेंद्र उभं राहतं. मग ३३ हजार आणि ११ हजार व्होल्टचे फीडर, म्हणजे गावोगाव वीज नेणाऱ्या लाइनी. त्यानंतर आपल्या आळीचं रोहित्र, ज्याला आपण डीपी म्हणतो. मग डीपीपासून निघणारे लहान खांब आणि सगळ्यात शेवटी खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर. इस्पितळ, पाणीयोजना आणि बाजारपेठ यांचे फीडर आधी हातात घेतात आणि ते योग्यच आहे. लाइनच्या शेवटाला असलेली वाडी शेवटी उजळते.

वेळ तारेपेक्षा खांबात जातो. नऊ मीटरचा खांब दीड मीटर तरी जमिनीत जावा लागतो. जांभ्यात खड्डा खणायला लागतो आणि खांबाचा ट्रक आडव्या पडलेल्या झाडांतून आत येत नाही. आमच्याकडे शेवटी आळीनेच रस्ता साफ केला, खड्डे खणले आणि खांब खांद्यावरून आणले. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या वायरमनांना दोन वेळचं जेवण आळीतल्या घरांनी वाटून घेतलं. जिथे माणसं मदतीला उभी होती तिथे काम लवकर सरकलं, हे मी डोळ्याने पाहिलंय. मात्र मदत म्हणजे खड्डा, खांब, दोर आणि जेवण. तारेला आणि डीपीला हात लावायचा नाही, गावात कुणी कितीही हुशार असला तरी.

समोरच्या घरात लाईट आली, माझ्याकडे नाही. वशिला आहे का?

बहुतेक वेळा नसतो. समोरचं घर दुसऱ्या डीपीवर असेल, किंवा त्याच डीपीच्या दुसऱ्या फेजवर. तीन फेजपैकी दोनच चालू झाल्या तर तिसऱ्या फेजवरची घरं अंधारात राहतात. तिन्ही आल्या असतील तर तुमची सर्व्हिस वायर तुटलेली आहे का बघा. मधल्या काळात समोरच्याकडून रस्त्यावरून वायर ओढून घेणं सगळेच करतात. पण ती जमिनीवरून किंवा पत्र्याला टेकून नेऊ नका. सोललेली वायर पत्र्याला लागली की अख्खं घर करंट मारतं.

लाईट आल्या आल्या काय करायचं?

खरं तर गेल्यावर करायचं: मेन स्विच बंद. फ्रीज, टीव्ही, पंप यांच्या पिना काढून ठेवायच्या. कारण असं की, घाईत जोडलेल्या लाइनवर न्यूट्रलची तार सैल असली किंवा तुटलेली असली तर घरात २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट शिरतात. वादळातून वाचलेला फ्रीज लाईट आल्याच्या आनंदात जळतो. लाईट आली की मेन चालू करून आधी एकच जुना पिवळा बल्ब लावा. एलईडी चालणार नाही, तो कमी-जास्त दाब लपवतो. बल्ब नको इतका पांढरा जळला किंवा मंद-तेज होत राहिला तर लगेच मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. नीट जळला तर एक एक करून बाकीचं लावा. घरात पाणी शिरलं असेल तर बोर्ड वाळून इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत थांबा.

जनरेटर आणलाय. कुठे ठेवू?

घराबाहेर, खिडक्यांपासून वीस फूट तरी लांब. पडवीत नाही, गोठ्यात नाही, दार किलकिलं ठेवून ओटीवर तर मुळीच नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही. कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवली तरी तोच धोका.

दुसरं म्हणजे दोन्ही टोकांना पीन लावलेल्या वायरने जनरेटर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचू नका. ती वीज मीटरमधून उलटी डीपीत जाते आणि तिथून अकरा हजार होऊन लाइनवर जाते, जिथे कुणीतरी खांबावर चढलेला असतो. चेंजओव्हर स्विच (घराला एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) नसेल तर एक्स्टेन्शन बोर्ड जनरेटरलाच लावा आणि उपकरणं त्यावर चालवा.

पाण्याचं काय? टाकी भरलेली आहे.

ती दोन दिवस पुरते. लोक लाईटची वाट बघतात, पण लाईटवाचून माणूस महिनाभर राहतो, हे आम्ही राहून पाहिलं. नळयोजनेचा पंप बंद, घरचा पंप बंद. आळीत अकरा विहिरी होत्या आणि रहाट राहिला होता फक्त दोघींवर. बाकीच्यांनी विहिरीला जाळी मारून पंप बसवला तेव्हा कप्पी भंगारात घातली होती. आता प्रत्येक विहिरीवर कप्पी, दोर आणि कळशी आहे. एवढा एक सल्ला ऐकलात तरी हे वाचल्याचं सार्थक झालं.

वादळात विहिरीत पाला, मेलेले पक्षी आणि वाहून आलेलं पाणी जातं. आधी वरचा कचरा काढा, मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाका. चांगल्या ताज्या पावडरीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम असतं. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते साधारण चौदा हजार लिटर होतं, म्हणजे ३५ ग्रॅम. पावडर बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी विहिरीत सोडायचं. तासभर कुणी शेंदायचं नाही. पाणी गढूळ असेल तर हे प्रमाण पुरत नाही. आरोग्य उपकेंद्रातल्या सेवकाला विचारा आणि पिण्याचं पाणी उकळूनच घ्या. समुद्राचं पाणी शिरून विहीर खारट झाली असेल तर टीसीएलने काही होत नाही, ती उपसावी लागते.

फ्रीजमधलं किती वेळ टिकतं?

दार उघडलं नाही तर खालचा भाग चार तास, खच्चून भरलेला फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. मे-जूनमध्ये फ्रीझरात वर्षाची सुरमई आणि आंब्याचा रस असतो. पहिल्याच संध्याकाळी सगळ्या आळीची मासळी एका चुलीवर शिजली आणि इतकी मेजवानी त्या महिन्यात पुन्हा झाली नाही.

घरात इन्सुलिन आहे.

वापरायला काढलेली बाटली किंवा पेन साधारण महिनाभर खोलीच्या तापमानात चालतं, पण ती खोली पंचवीस-तीस अंशांच्या आतली हवी. न उघडलेला साठा मात्र थंडच लागतो. माठाच्या ओल्या वाळूत डबी ठेवायची जुनी युक्ती देशावरच्या कोरड्या हवेत छान चालते. कोकणात जूनमध्ये हवाच ओली असल्यामुळे माठ फारसा गार होत नाही. तेव्हा जनरेटरवर चालणारा एक फ्रीज ठरवा आणि आळीतली सगळी औषधं त्यात नावं लिहून ठेवा. आणि डॉक्टरांना आधीच, मे महिन्यात, विचारून ठेवा.

छप्पर उडालंय आणि पाऊस येतोय. आधी काय?

त्या वर्षी ११ जूनला मोसमी पाऊस हर्णैपर्यंत आला. म्हणजे हातात आठ दिवस होते, लॉकडाऊन होता, आणि जिल्ह्यातला प्रत्येक माणूस ताडपत्री शोधत होता. ताडपत्री आढ्यावरून दोन्ही अंगांना सोडा. एका बाजूलाच टाकली तर पाणी आढ्यातूनच आत येतं. वर दगड ठेवू नका, पुढच्या वाऱ्याला ते खाली येतात. टोकांना वाळूच्या गोणी बांधून लोंबत्या सोडा.

सगळी कौलं फुटलेली नसतात. उतरवून, निवडून, धुऊन रचा. शेजाऱ्यांनी आपापली चांगली कौलं एकत्र केली तर एकेक घर पुरतं शाकारून होतं. मंगलोरी कौलं चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात. आम्ही आधी लहान मूल किंवा म्हातारं माणूस असलेली तीन घरं शाकारली. रुसवे झालेच. एका काकूंनी माझ्याशी गणपतीपर्यंत अबोला धरला होता.

सिमेंटचे पत्रे फुटले असतील तर करवत लावू नका आणि तुकडे ओले करून उचला, त्यातली धूळ फुप्फुसाला वाईट. पत्र्यावर चढायचंच असेल तर हुकांच्या ओळीवरून, म्हणजे खालच्या वाशावरून चाला. वादळाने जेवढी माणसं पाडली नसतील तेवढी नंतर छपरावरून पडतात.

शेजाऱ्याचं झाड माझ्या घरावर पडलं. भरपाई कोण देणार?

धडधाकट झाड वादळाने पडलं तर शेजाऱ्याचा दोष धरता येत नाही. घराचं नुकसान तुमच्या पंचनाम्यात येईल, झाडाचं त्याच्या. वाळलेलं, पोखरलेलं झाड तोडायला तुम्ही लेखी सांगितलं होतं आणि त्याने ऐकलं नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्याकडे ठरलं ते असं: कापायची मजुरी अर्धी-अर्धी, खोड मालकाचं, फांद्या ज्याच्या घरावर पडल्या त्याच्या जळणाला. आंबा, फणस, साग यांचं लाकूड विकून बाहेर न्यायचं असेल तर आधी वन खात्यात परवान्याचं विचारा. पहिल्या आठवड्यात लाकूड घ्यायला येणाऱ्या ट्रकवाल्याला काही विकू नका, तो पडेल भावातच मागतो.

तलाठी अजून आलेला नाही. तोवर साफसफाई करायची नाही का?

करायची, पण आधी फोटो. घराचा चारही बाजूंनी, आतून छपराचा, प्रत्येक पडलेल्या झाडाचा, आणि एका फोटोत घरनंबर किंवा घरातलं माणूस हवंच. झाडांची मोजणी वहीत: माड किती, पोफळी किती, कलमं किती. वहीखाली दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. मग रस्ता मोकळा करा. बुंधे मात्र पंचनाम्यापर्यंत जागेवर ठेवा, कारण मोजणी बुंध्यांवरून होते. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात. तुम्ही मुंबईत असाल तर शेजाऱ्याला समोर उभं राहायला सांगा. कुलूपबंद घराचं नुकसान रस्त्यावरून बघून लिहिलं जातं आणि ते नेहमी कमीच भरतं. लागतात ती कागदं अशी: आधार, पासबुक, घरपट्टीचा उतारा, सातबारा, आठ अ. सगळ्यांचे फोटो फोनमध्ये आणि एक प्रत भावाकडे.

सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. पैसे कुणाला?

कोकणातला खरा प्रश्न हा आहे. वाडी कसतो एक, नावं आजोबांच्या सगळ्या वारसांची, त्यातले दोघे हयात नाहीत आणि एक आत्या बडोद्याला. सामाईक खात्यात मदत अडकते ती इथे. बाकीच्यांची संमतीपत्रं लागतात. ती वादळानंतर गोळा करायला गेलात तर ज्या चुलतभावाने वीस वर्षांत वाडीत पाय ठेवला नाही, त्यालाही अचानक गाव आठवतं. गणपतीत सगळे जमतात. तेव्हा मोदक खाऊन झाल्यावर कागद पुढे करा आणि मयतांच्या वारसनोंदी त्याच वर्षी उरका. घर वडिलांच्या नावावर असेल तर घरपट्टीलाही हेच लागू.

किती मदत मिळते?

निसर्गच्या वेळी राज्याने नेहमीच्या निकषांपेक्षा वाढवून पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख आणि फळबागेला हेक्टरी ५० हजार जाहीर केले. ऐकायला बरं वाटतं. पण श्रीवर्धनची वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यात असते. हेक्टरी पन्नास हजार म्हणजे गुंठ्याला पाचशे. दहा गुंठ्यांत माड, पोफळ, जायफळ, मिरी अशी चार मजली बाग असते आणि तिचे होतात पाच हजार. एवढ्यात पडलेली झाडं बाहेर काढायची मजुरीही निघत नाही. यावर बरीच ओरड झाल्यावर नारळ-सुपारीला झाडामागे मदत देण्याचा निर्णय झाला.

२०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत सपाटीवरचं पूर्ण पडलेलं घर १ लाख २० हजार, अंशतः पडलेलं पक्कं घर ६,५००, झोपडी ८,०००, गोठा ३,०००, दुभती गाय किंवा म्हैस ३७,५०० आणि फळबाग हेक्टरी २२,५०० (दोन हेक्टरपर्यंत, नुकसान किमान ३३ टक्के) असे आकडे आहेत. राज्य त्यात वेळोवेळी भर घालतं, म्हणून ताजा शासन निर्णय तहसील कार्यालयात बघा. माडांसाठी नारळ विकास मंडळाची विमा योजना आहे, चार ते साठ वर्षांच्या झाडांना. ती उतरवणारे आमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

पडलेलं कलम पुन्हा उभं राहतं का?

मुळं एका बाजूने जमिनीत असतील तर हो. फांद्या छाटून वजन कमी करा, तुटकी मुळं स्वच्छ कापा, कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, दोर लावून हळूहळू सरळ करा, माती भरून टेकू द्या. हे चार-पाच दिवसांत केलं तर जगतं. मोठा माड मात्र उभा राहत नाही. मोडलेली पोफळ तर गेलीच, तिचे मांडवाला वासे होतात. नवी लावली तर उत्पन्नाला पाच-सहा वर्षं. रोपं घेताना श्रीवर्धनचं सुपारी संशोधन केंद्र, भाट्याचं नारळ संशोधन केंद्र किंवा दापोलीचं कृषी विद्यापीठ इथे आधी चौकशी करा. वादळानंतर टेम्पोतून रोपं विकायला येतात, ती कुठल्या माडाची आहेत ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

साप-विंचू?

फुटक्या कौलांखाली आणि लाकडाच्या ढिगात फुरसं असतंच. हातात काठी, पायात बूट, आणि उचलण्याआधी ढीग ठोका. चावलं तर बांधाबांध, कापाकापी, मांत्रिक काही नको, सरळ सरकारी दवाखाना. विंचूदंशावर तर आपल्याच जिल्ह्यातल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपाय जगाला दाखवला, तेव्हा घरी कांदा चोळत बसण्यात अर्थ नाही. चिखलात काम करताना पायाला जखम असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. ताप आला की अंगावर काढू नका.

गावाशी फोन लागत नाही. काय समजायचं?

बहुतेक वेळा एवढंच की टॉवरचं डिझेल संपलं. त्या जूनमध्ये आमच्याकडून दोन पोरं रोज टेकडीवर रेंज शोधत जायची. खिशात सगळ्या आळीचे नंबर आणि निरोप लिहिलेली चिठ्ठी. ‘आई बरी आहे, मागची पडवी गेली, पैसे नको, ताडपत्री पाठव.’ फोन न करता मेसेज करा, तो कमी रेंजमध्येही जातो. चार्जिंग गाडीच्या बॅटरीवर, पाळीपाळीने, आणि पाळी लिहून ठेवलेली बरी.

मुंबईहून काय पाठवू?

जुने कपडे नकोत. जाड ताडपत्री, नायलॉन दोर, पत्र्याचे हुक, खिळे, टॉर्चचे सेल, कासवछाप, मीठ, काड्यापेट्या. चेन सॉ भाड्याने मिळत असेल तर चालवणाऱ्या माणसासकट. आणि जमलं तर स्वतः या, चार दिवस राहायला.

तुमच्याकडे शेवटी लाईट कधी आली?

पंचविसाव्या दिवशी, रात्री अडीच वाजता. मी वर लिहिलंय ना, मेन स्विच बंद ठेवा म्हणून? आळीत एकाही घराचा बंद नव्हता, माझाही नाही. वीस घरांतले पंखे, टीव्ही आणि एका घरचा मिक्सर एकदम सुरू झाला. मिक्सरात तीन जूनची चटणी होती.